उजव्या मुठीतले कागद

१

सन १९६२. नोव्हेंबर महिना होता, चीनशी लढाई चालू होती, आणि मंगळुरातल्या टेकडीवरच्या त्या लाल कौलांच्या घरात ती लढाई रोज दुपारी तीन ते चार अच्युतन मास्तरांच्या आवाजात ऐकू येत असे. ते जज्जसाहेबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. डॉक्टर सेराफिना मस्करेन्हस यांच्या दवाखान्यात नर्स. त्यांनीच मला सांतप्पा चौटांच्या सेवेला ठेवलं होतं. सगळं गाव त्यांना जज्जसाहेब म्हणायचं, पण ते त्यांचं एकच रूप नव्हतं. वीस वर्षं त्यांनी मंगळुरात वकिली केली, मग पाच वर्षं मलबारात सेशन्स जज्ज होते, आणि तिथून मद्रासला सरकारचे कायद्याचे सल्लागार झाले. पलंगासमोरच्या भिंतीवर तिन्ही रूपांचे फोटो होते. पहिल्यात ते हसत होते, दुसऱ्यात समोर बघत होते, तिसऱ्यात जरीची पगडी घालून कुणाकडेच बघत नव्हते. मागच्या एप्रिलमध्ये झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं.

मुलगी जलजाक्षी, आम्ही जलजक्का म्हणायचो. छत्तीस वर्षांची, लग्न न केलेली, मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. शाळेतून आली की साडी न बदलता बापाला स्वतःच्या हातानं गंजी, म्हणजे तांदळाची पेज, भरवायची. दर चार घासांनी जिभेवर लोणच्याचा खार टेकवायची आणि म्हणायची, "काय अण्णा, अपील मंजूर?" साहेबांचा डावा ओठ हलायचा. तेवढंच हसू उरलं होतं त्यांच्याकडे.

अशा रोग्याचा लुळा हात आपोआप मुठीसारखा आवळत जातो. रोज साडेचारला मी एकेक बोट उघडून तळवा पुसायची. सहा तारखेच्या मंगळवारी मी बोटं उघडली तेव्हा आत कागदाची घट्ट गुंडाळी होती. पलंगाजवळच्या टेबलावर साहेबांचा टाक पडला होता, दौत उघडी, टाकाचं टोक ओलं.

अक्षर इंग्रजी, वळण साहेबांचं. उजवीकडे झुकलेलं, कुठेही खाडाखोड नाही. लिहिलं होतं:

"मी तिला विहिरीपाशी बोलावलं. ती आली. तिच्या हातात रिकामी घागर होती. मी मागून तिचे दोन्ही हात धरले. ती ओरडली नाही. पाण्यात पडल्याचा आवाज झाला तो मी ऐकला."

मी कागद खाली ठेवला. खिडकीतून परसातली विहीर दिसत होती. एकतीस साली, आटी महिन्यात, भर पावसाळ्यात, जलजक्काची आई रत्नावती तिथेच बुडाली होती. पाय घसरला, असं सगळे म्हणत.

दारात चप्पल वाजली. जलजक्का शाळेतून आली होती, आणि तिनं माझ्या तोंडाकडे बघून हात पुढे केला.

२

"एकदा झालं तर चेष्टा म्हणता येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. पण त्या आल्या ते शुक्रवारी, दुसरा कागद निघाला तेव्हा.

डॉक्टरबाई साठीच्या होत्या. पांढरी साडी, पायात पुरुषी बूट, आणि बोलणं असं की बाळंतीण कळा विसरून हसायची. त्यांनी दोन्ही कागद खिडकीशी नेले. दुसऱ्यावर होतं:

"दोरी मी आधीच कापून ठेवली होती. चंद्र नव्हता. माझं तिच्याशी वैर होतं हे म्हणणं खरं नाही. मी दारू प्यायलो होतो हे म्हणणं खरं नाही. मी घरी जाऊन जेवलो."

"टाक ओला होता?"

"दोन्ही वेळा," मी म्हटलं.

"दौतीतली शाई निळी आहे. ही तपकिरी झाली आहे. शाई तपकिरी व्हायला वर्षं लागतात, दुपार पुरत नाही." त्यांनी कागद उभा धरला. "आणि हा बघ कसा बुटका आहे. वरून कापलाय, खालूनही कापलाय. पट्टी ठेवून, पात्यानं."

दुग्गक्का स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली होती. चाळीस वर्षं त्या घरातली स्वयंपाकीण. ती म्हणाली, "बाई, कापायचं काय घेऊन बसलात. रत्नावतम्मा त्या हातात शिरली आहे. नवऱ्याच्याच हातानं त्याच्याकडून वदवून घेते आहे. अंगात येणाऱ्या दैवाला विचारायला हवं."

"तुझ्या रत्नावतम्माला इंग्रजी येत होतं?"

"मेल्यावर माणसाला सगळं येतं."

"मग मलाही मेल्यावर तुझ्यासारखं बांगड्याचं कालवण येईल म्हणायचं," डॉक्टरबाई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. दुसऱ्या कागदावरच्या दोन ओळींवर त्यांचं बोट होतं. "हे बघ, सुगुणा. माणूस कबुली देतोय. मग मधेच 'हे म्हणणं खरं नाही' असं कुणाला सांगतोय? कोण म्हणालं होतं?"

मी कागद घेऊन त्या ओळी पुन्हा वाचल्या. मला एवढंच दिसत होतं की जलजक्का मंगळवारपासून खोलीत आली नव्हती. गंजी मी भरवत होते. साहेब घास तोंडात धरून दाराकडे बघत राहायचे, आणि घास ओघळून हनुवटीवर यायचा.

मास्तरही त्या दिवशी थांबले होते. बारीक चणीचे, मलबारकडचे, मंगळुरात पंधरा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. छत्री मिटून कोपऱ्यात उभी करत ते हळूच म्हणाले, "सांगू की नको, डॉक्टर. मंगळवारी वाचताना मला तो उजवा हात हलल्यासारखा वाटला. मी म्हटलं, म्हाताऱ्या डोळ्यांचा भास असेल."

दुग्गक्कानं दोन्ही हात कानांना लावले. आणि मी, शिकलेली नर्स, त्या हाताकडे बघायचं टाळू लागले.

३

शनिवारी डॉक्टरबाईंनी एकेकाला ओसरीवर बोलावलं.

दुपारी माझी विश्रांती अडीच ते साडेचार. त्या वेळात खोलीत कोण जाई? तीन ते चार मास्तर. चारला दुग्गक्का मास्तरांना कॉफी देऊन कप परत न्यायची. त्यानंतर कधीकधी भाचा सुंदर यायचा, मोसंबी घेऊन. आणि व्हरांड्याच्या बाजूची खिडकी दिवसभर उघडी.

सुंदर चाळिशीचा, सुपारीचा व्यापारी, गळ्यात सोन्याची साखळी. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "डॉक्टरबाई, मला कळतं तुमच्या मनात काय आहे. पण आमच्यात वारसच भाचा, मामाचं ते भाच्याचं, हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. मला त्यांना खुनी ठरवून काय मिळणार? खुनी मामाचा भाचा म्हणून पोरींची लग्नं अडतील तेवढी."

"साहेबांच्या कागदांच्या पेटीशी काय करत होतास मग? दुग्गक्कानं पाहिलं तुला."

त्याचा चेहरा पडला. "गावच्या जमिनीचा नकाशा शोधत होतो. कुलूप आधीच उघडं होतं, आईशपथ. आत नुसत्या जुन्या वह्या."

"काल कुठे होतास?"

"पुत्तूरला. शंभर माणसं सांगतील. सुपारीचा लिलाव होता."

मग डॉक्टरबाई साहेबांच्या खोलीत गेल्या, आणि जलजक्काला म्हणाल्या, "उंबऱ्यावर उभी राहा हवं तर. पण ऐक." ती उभी राहिली, चौकटीला धरून.

डॉक्टरबाईंनी साहेबांच्या तोंडाजवळ खुर्ची ओढली. "जज्जसाहेब, आज तुम्ही साक्षीदार. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. कळलं?"

डोळे एकदा मिटले.

"हे अक्षर तुमचं आहे?"

एकदा.

डॉक्टरबाईंनी कागद जवळ नेला. "हे तुम्ही स्वतः लिहिलं?"

एकदा. अगदी सावकाश.

उंबऱ्याकडून श्वास ओढल्याचा आवाज आला. डॉक्टरबाईंनी मागे पाहिलं नाही. "यात लिहिलंय ते खरं आहे?"

साहेबांचे डोळे उघडेच राहिले. एकदाही नाही, दोनदाही नाही. पाणी जमलं, कडेनं कानाकडे गेलं, पण पापणी हलली नाही.

"तुमच्या मुठीत हे कोण ठेवतं ते माहीत आहे?"

एकदा.

"दुग्गी?" दोनदा. "सुंदर?" दोनदा. "ही सुगुणा?" दोनदा. "अच्युतन मास्तर?"

पुन्हा पापण्या थांबल्या. ते छताकडे बघत राहिले.

"आता रत्नावतीबद्दल—" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पुरे," जलजक्का म्हणाली. आवाज शाळेतला होता, फळ्यासमोरचा. "मला आणखी ऐकायचं नाही. तो प्रश्न या घरात कुणी विचारायचा नाही."

ती गेली. तिच्या खोलीची कडी लागली.

४

तिसरा कागद पुढच्या मंगळवारी निघाला. त्यावर तीनच ओळी होत्या.

"मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन रडलो. मला रडताना सगळ्यांनी पाहिलं. माझ्यावर कुणाचाही संशय नव्हता."

हा कागद जलजक्काला दाखवायचा नाही असं मी ठरवलं होतं. पण ती स्वयंपाकघरात माझ्यामागे आली, हात पुढे केला, आणि मी दिला. तिनं वाचला. चूल पेटलेली होती, तरी तिनं तो जाळला नाही. घडी घालून पोलक्यात ठेवला.

"त्या दिवशी मला मांडीवर घेऊन ते रडत होते," ती म्हणाली. "मला आठवतंय, सुगुणा. माझ्या झग्याची कॉलर भिजली होती. एकतीस वर्षं मी ते रडणं जपून ठेवलं."

त्याच संध्याकाळी तिनं सुंदरला निरोप धाडला. शनिवारी गाडी आणायची आणि साहेबांना गावच्या मूळ घरी न्यायचं. तिथे चुलत बहिणी बघतील. ती स्वतः जाणार नव्हती, आणि पुढे काही झालं तर तिला बोलावू नये, असंही तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जलजक्का शाळेत गेली नाही. दुपारी डॉक्टरबाई आल्या तेव्हा त्यांनी तिला सरळ सांगितलं, "तीस मैलांचा खाचखळग्यांचा रस्ता आहे. तू बापाला गावी पाठवत नाहीस, जलजा. वाटेत मारते आहेस."

"मग माझ्यात आणि त्यांच्यात सारखेपणा येईल."

"तुला खरंच वाटतं त्यांनी केलं?"

"अक्षर त्यांचं. लिहिलं त्यांनी, ते स्वतः हो म्हणाले. डॉक्टरबाई, मी मुलींना शास्त्र शिकवते. पुरावा यापेक्षा वेगळा काय असतो?"

डॉक्टरबाईंनी आपली पिशवी उचलली. फाटकापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेले. त्या म्हणाल्या, "उद्या मला कोर्टात साक्ष आहे. त्या ताडी काढणाऱ्याच्या कोयत्याच्या जखमेची. तीस वर्षं कोर्टाची पायरी टाळली, आता कोर्टाचं समन्सच आलं. टाके घालताना तू होतीस, नोंदवही घेऊन चल. शुक्रवारचा दिवस आपल्या हातात आहे, तेवढाच."

त्या वेळी साहेबांच्या खिडकीतून मास्तरांचा वाचण्याचा आवाज येत होता. से ला, बोमडिला, नवी मोर्चेबंदी. एकसुरी, स्वच्छ आवाज. परसात कुणी नव्हतं, तरी विहिरीचा रहाट मंद कुरकुरला. वारा असेल. मी मागच्या बाजूनं न जाता समोरून घरात शिरले.

५

कोर्टात गर्दी नव्हती. वर एक तरुण जज्ज, पुढ्यात जाड वही, हातात टाक. डॉक्टरबाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या ते दवाखान्यात कुणाला रागवायला उभ्या राहाव्यात तशा.

सरकारी वकील विचारायचे, डॉक्टरबाई उत्तर द्यायच्या, आणि प्रत्येक उत्तरानंतर जज्जसाहेब हात वर करून थांबवायचे आणि लिहायचे. मग दुसऱ्या बाजूचा वकील उठला. गोरा, गोल, पान खाऊन आलेला.

"डॉक्टरबाई, जखमी माणूस दारू प्यायलेला होता आणि तुम्ही ते लपवलंत, बरोबर?"

"अहो, तो ताडी काढतो. त्याच्या अंगाला ताडीचाच वास येणार. तुमच्या अंगाला येतो का अशिलाचा?"

मागच्या बाकांवर हसू फुटलं. जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

साक्ष संपली. बेंच क्लार्क उठला, वही हातात घेतली, आणि नियमाप्रमाणे जबाब साक्षीदाराला वाचून दाखवू लागला.

"मी डॉक्टर आहे. मी मंगळुरात राहते. मी जखम पाहिली. जखम चार इंच लांब होती. मी टाके घातले. जखमी दारू प्यायलेला होता हे म्हणणं खरं नाही. मी ते लपवलं हे म्हणणं खरं नाही."

डॉक्टरबाईंचा हात कठड्यावर होता. त्या पुढे वाकल्या.

"बरोबर आहे, बाई?" क्लार्कनं विचारलं.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या.

"काही चुकलं?"

"चुकलं काही नाही. हे 'मी' कोण?"

क्लार्क गोंधळला. जज्जसाहेबांनी वर पाहिलं आणि जरा कीव येऊन समजावलं, "तुम्हीच, डॉक्टर. आम्ही प्रश्न लिहीत नाही. साक्षीदाराचं उत्तर त्याच्याच तोंडचं असल्यासारखं लिहून घेतो. हात माझा, बोलणं तुमचं. कायम असंच लिहितात."

"वर काय लिहिलंय?"

"साक्षीदाराचा क्रमांक आणि नाव. खाली, वाचून दाखवलं, बरोबर असल्याचं कबूल. तिथे सही करा."

डॉक्टरबाईंनी सही केली. पिंजऱ्यातून उतरल्या त्या माझं मनगट धरून थेट बाहेर आल्या. उन्हात त्यांचा चेहरा पांढरा दिसत होता.

"वरचा तुकडा आणि खालचा तुकडा," त्या म्हणाल्या. "ते दोन तुकडे कापले की दुसऱ्याचं पाप लिहिणाऱ्याच्या नावावर जातं."

६

टेकडी चढताना त्या बोलत होत्या, मी धापा टाकत ऐकत होते.

"साहेबांनी खरं सांगितलं. अक्षर माझं, लिहिलं मी. आणि खरं की खोटं, तर त्यांना ठाऊकच नाही, कारण ते दुसऱ्याचं बोलणं. आता ठेवणारा कोण? दुग्गीला इंग्रजी वाचता येत नाही. सुंदर दुसऱ्या वेळी पुत्तूरला होता, आणि आयुष्यात कोर्टात बसलेला नाही. मी साठ वर्षांची डॉक्टर, मला जबाब कसा लिहितात ते माहीत नव्हतं. जलजाला नाही, जज्जाची मुलगी असून. नेमकं काय कापायला हवं ते कुणाला कळेल? जो एक पूर्ण खटला समोर बसून बघत होता, त्याला."

"आणि हात?" मी विचारलं. "हात हलला म्हणाले ते?"

"तो हात हलणं शक्य नाही, हे मी एप्रिलपासून सांगते आहे. तो हलताना एकाच माणसाला दिसला. आणि त्या एकाच माणसाच्या नावाला साहेबांनी ना हो म्हटलं ना नाही. बाकी सगळ्यांना वाचवलं. त्याला पकडून द्यायचं नव्हतं, आणि खोटंही बोलायचं नव्हतं."

शुक्रवारी तीनला मास्तर आले. छत्री कोपऱ्यात उभी केली, चष्मा पुसला, पेपर उघडला. डॉक्टरबाई पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या. जलजक्का शाळेतून रजा घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती, तिला आदल्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं, पण ती एवढंच म्हणाली होती, "मला दाखवा."

"आज लढाई नको, मास्तर," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी पेटीतून काढलेली, साहेबांच्या मलबारातल्या खटल्यांची जाड वही पुढे केली. "हे वाचा. तीन पानं कापलेली आहेत, त्यांच्या आधीपासून."

मास्तरांनी वही घेतली. पानं उलटायची त्यांना गरज पडली नाही, ती तिथेच उघडली. मग त्याच स्वच्छ आवाजात वाचू लागले.

"साक्षीदार क्रमांक तीन. माफीचा साक्षीदार." ते थांबले, कापलेल्या पानांच्या खुंटांवरून बोट फिरवलं, पुढच्या पानावर आले. "मी हात धरले तेव्हा आरोपी कुंजंबू यानं तिला ढकललं. दोरी कुंजंबूनं विहिरीत टाकली." वही त्यांनी मांडीवर मिटली. "कुंजंबू माझा धाकटा भाऊ."

त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला.

"बेचाळीस साल. तीन दिवस मी मागच्या बाकावर बसलो होतो. या माणसानं खून केल्याचं स्वतः कबूल केलं, त्याला माफी मिळाली. त्याच्या शब्दावर माझ्या भावाला फाशी. अशा साक्षीला दुसरा आधार लागतो, असं कायदाच म्हणतो. दुसरा आधार नव्हता. आईनं मला दयेचा अर्ज लिहायला लावला. सात पानं लिहिली. मद्रासला पाठवली. परत एक ओळ आली, ढवळाढवळ करण्याचं कारण दिसत नाही. पुढे एका कारकुनानं मला तो कागद दाखवला. अर्ज पोचला तोपर्यंत हे मद्रासला सल्लागार होऊन गेले होते. त्यांच्याच निकालाविरुद्धचा अर्ज त्यांच्याच टेबलावर आला, आणि त्यांनीच शेरा मारला."

"म्हणून इथे आलात?"

"बघायला आलो. असा माणूस शेवटी कसा दिसतो ते. सहा महिने मी फक्त वाचलं, डॉक्टर. चांगलं वाचलं. मग जलजाक्षीबाईंनी मला पेटीतल्या वह्यांना ऊन द्यायला सांगितलं, वाळवी लागू नये म्हणून. त्यात ही निघाली. विहीर खिडकीत होतीच." त्यांनी पहिल्यांदाच साहेबांच्या डोळ्यांकडे पाहिलं. "मला त्यांचा जीव नको होता. एका माणसाच्या बोलण्यावर दुसरा दोषी ठरतो आणि त्याला तोंड उघडता येत नाही, हे त्यांना कळावं. त्याच शब्दांत. त्यांच्याच अक्षरात."

"आणि मला?" जलजक्का उंबऱ्यावरून म्हणाली. "मास्तर, मी तुम्हाला रोज कॉफीत दोन चमचे साखर घालायला सांगायची. माझा काय गुन्हा होता?"

मास्तर उभे राहिले. "माझ्या आईचाही काही नव्हता, बाई."

७

डॉक्टरबाईंनी साहेबांना विचारलं, "तो अर्ज कोणत्या खटल्याचा आहे, हे शेरा मारताना तुम्हाला माहीत होतं?"

डोळे एकदा मिटले. मिटलेलेच राहिले.

तेव्हा जलजक्का उंबरा ओलांडून आत आली. दहा दिवसांनी. ती बापाजवळ बसली नाही, आधी टेबलाशी गेली. टाक घेतला, वहीचं कोरं पान काढलं.

"अण्णा, डोळे उघडा. मी विचारते, तुम्ही उत्तर द्या."

एक तास लागला. ती विचारायची, पापण्या मिटायच्या, ती लिहायची. चुकलं की दोनदा मिटायच्या, ती खोडून पुन्हा विचारायची. मास्तर छत्री हातात घेऊन उभेच होते. दुग्गक्का दारात येऊन खाली बसली. खोलीत टाकाचा आवाज तेवढा होता, आणि मला सारखं वाटत होतं की साहेब बोलत आहेत.

मग तिनं वाचून दाखवलं. "मी सांतप्पा चौट. मी आरोपी कुंजंबू याला फाशीची शिक्षा दिली. माफीच्या साक्षीदाराला दुसरा आधार नव्हता हे मला तेव्हा कळत होतं. त्याच्या दयेचा अर्ज माझ्यापुढे आला. मी तो दुसऱ्याकडे द्यायला हवा होता. मी दिला नाही. माझा निकाल चुकला असं कुणी म्हणू नये म्हणून मी दिला नाही. मी तो अर्ज पूर्ण वाचला हे म्हणणं खरं नाही."

"बरोबर आहे, अण्णा?"

एकदा.

तिनं त्यांच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली आणि कागदावर टेकवला. कागद मास्तरांना दिला. त्यांनी तो पेपरच्या घडीत ठेवला. आभार मानले नाहीत, माफीही मागितली नाही. ओसरी उतरताना त्यांची छत्री पायऱ्यांवर आपटत गेली, तो आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

सुंदरची गाडी शनिवारी रिकामी परत गेली. त्या संध्याकाळी जलजक्कानं गंजी भरवली. अपिलाबद्दल ती काही बोलली नाही, नुसता खार जिभेवर टेकवत राहिली.

साहेब नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी गेले. मी बोटं उघडत होते तेव्हाच. अग्नी सुंदरनं दिला, भाच्याचा मान तो. पुढे त्यानं सुपारीत चांगला जम बसवला, मुलींची लग्नं झाली, आणि कुणी विषय काढला तर तो सांगे की मामांनी शेवटी मोठं मन दाखवलं. दुग्गक्का मरेपर्यंत म्हणत राहिली की हे सगळं रत्नावतम्मानंच घडवून आणलं, मास्तर नुसते निमित्त. डॉक्टरबाई त्यानंतर कोर्टाचं समन्स आलं की आनंदानं जायच्या आणि जबाब दोनदा वाचून घ्यायच्या. एकोणसत्तर साली दवाखान्यातच गेल्या, हातात नाडी बघायचं घड्याळ होतं.

मास्तर मलबारात परतले. तो जबाब त्यांनी सरकारला पाठवला, वर्तमानपत्रांनाही पाठवला. सरकारकडून पोच आली. एका पेपरात चार ओळी छापून आल्या. कुंजंबूनं खरंच काही केलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि मला वाटतं मास्तरांनाही खात्री नव्हती. एकाहत्तर साली ते वारले असं कुणीतरी सांगितलं.

मी लग्न केलं, उडुपीला गेले, तीन मुलं झाली, नवरा गेला, आता नातसून आहे. जलजक्का त्याच घरात राहिली. विहीर तिनं बुजवली नाही, त्याच पाण्यावर बाग केली. मी वर्षातून एकदा जायची. आम्ही व्हरांड्यात बसायचो, नीर दोसे खायचो, मेलेल्या माणसांची नावं घ्यायचो.

एकदा, ती पंचाहत्तरीची असेल, मी धीर करून विचारलं. त्या दिवशी एक तासभर तुझ्या हातात टाक होता, साहेब प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देत होते. मग आईबद्दल का नाही विचारलंस?

ती दोशाचा तुकडा मोडत होती. तो चटणीला लावून म्हणाली, "सुगुणा, मला त्यांना संध्याकाळी भरवायचं होतं ना."